मागावर पाठ केलेलं भाषण

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पानातून कुणीही काहीही खाऊ घातलं नव्हतं.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत नळ आला नव्हता. नगरपालिकेचे साहेब पाहणीला येणार होते. गल्लीतर्फे दादानं बोलायचं ठरलं. (दादा घरातसुद्धा हुंकारानंच भागवायचा!) तो गुपचूप एका मास्तरांकडे भाषण शिकायला जाऊ लागला.

वहिनीला संशय आला. "भाऊजी, तुमचे दादा रोज भांग पाडून कुठी जाते? मले काही ठीक दिसत नाही!"

मलाही संशय आला, पण वेगळा. दादा भाषण शिकणार, म्हणजे त्याचं लुगडं मला विणावं लागणार! मी म्हणालो, "दादा, मास्तर कायले पाहिजे गा? विणता विणता पाठ कर."

त्यानं ऐकलं. पायाखालची पट्टी दाबली की "नागरिकहो!", ताण्यातून धाग्याचा धोटा फेकला की "आमची मागणी!" आठ दिवसांत भाषण तोंडपाठ, वर लुगडंही तयार!

साहेब आले. मागच्या गल्लीतल्या गणपतनं दादाला धीर यावा म्हणून पान दिलं. दादा उभा राहिला आणि गप्प!

"बोल ना गा!" कुणीतरी ओरडलं.

दादाचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. मग त्यानं हवेत असा धोटा फेकला, की साहेबांनी चटकन डोकं चुकवलं! मागाची खटखट नाही, तर शब्द नाही!

"पानात काही देलं त्यानं!" गर्दीत कुजबुज झाली. गणपतच्या गल्लीलाही नळ हवाच होता ना!

वहिनीनं मला गाठलं. "भाऊजी, पान देताना गणपत हसला काय? खरं सांगा!"

"हसला!" मी म्हणालो. (माणूस पान देताना रडतो थोडाच!)

नळ गणपतच्या गल्लीला मिळाला. वहिनीनं त्या पाण्याला हात लावला नाही. वर्षानुवर्षं लांबच्या विहिरीवरून घागरी वाहिल्या. आणि मी तिनं वाहिलेलं पाणी पीत राहिलो.

आता दादा नाही, वहिनीही नाही. परवा धीर करून गणपतकडे गेलो. माफीचे शब्द आठ दिवस घोटून ठेवले होते. त्याच्यासमोर बसलो आणि तोंड उघडेना.

म्हातारा संशयानं माझ्या पायांकडे बघत राहिला. "काय विणून राहिला गा?"

काय सांगणार! माफीसुद्धा मी मागावर बसूनच पाठ केली होती.