पाच घरांच्या वह्या, एक शोध

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. एका खोलीत तीन माणसं आणि एक कॉम्प्युटर ठेवला की ते पंख्यावरच्या धुळीसारखे साठत जातात. बटण दाबलं की सगळे एकदम अंगावर!

आमची खोली बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. काशीला आलेला यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत स्वतःच्या हाताने नाव, गाव, घरची माणसं लिहून जातो. अशा पाच घरांच्या वह्या माझी मेधामावशी कॉम्प्युटरवर शोधता येतील अशा करते आहे. प्रत्येक घराची एक वेगळी इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची. मी अकरावीत आहे, सुट्टीत टाइप करते. बोलायला मला जमत नाही, टाइप करायला जमतं.

पाचवं घर नानांचं. वय अठ्ठ्याहत्तर. वह्या देताना त्यांनी मावशीला बजावलं, "एक जरी यजमान तुमच्या मशीनमुळे रिकाम्या हाती परत गेला, तर त्याच संध्याकाळी माझ्या वह्या घरी!"

सगळ्यात जास्त वह्या त्यांच्याच. मावशीचं दोन वर्षांचं काम त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

*

नानांच्या वह्या यायच्या आधीची गोष्ट. मी 'वाई' शोधलं, तर चारपैकी एकाच घराने उत्तर दिलं. बाकीची गप्प! कारण एकाने रकान्याचं नाव ठेवलं होतं 'गाव', दुसऱ्याने 'मूळ गाव', तिसऱ्याने 'राहणार', आणि चौथ्याने गाव शेऱ्यातच कोंबलं होतं.

नाना तेव्हा रोज नुसते चहाला यायचे. म्हणाले, "अगं, चार घरांत भाजीला मीठ तरी सारखं पडतं का?"

*

मग मावशीने सगळ्या घरांच्या रकान्यांना सारखी नावं दिली आणि मला एक वेगळा प्रश्न शिकवला. तो माणसांबद्दल नसतो, रकान्यांबद्दल असतो. सगळ्या इंडेक्सना एकदम विचारायचं: हा रकाना कुणाकुणाकडे आहे? त्यात आकडे आहेत की अक्षरं? त्यावर शोध चालतो का?

नाना खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. "मतलब, यजमानाचं नाव विचारायच्या आधी वहीची कुंडली मांडायची! हे बरं आहे. लग्नातही असंच करतात, तरी फसतात."

*

एकदा 'वय' विचारलं. चार घरांत आकडा, नानांच्या घरात अक्षरं. मावशी हैराण. शोधता शोधता सापडलं: नानांची पहिलीच नोंद मी टाइप केली होती, 'वय: बरेच'. ते पाहून मशीनने तो अख्खा रकाना अक्षरांचा ठरवला होता.

"अगं, इथे आकडा हवा ना!"

मी खाली बघितलं. वहीत तसंच लिहिलेलं होतं.

"बिटियाला बोलू नकोस," नाना म्हणाले, "खोटं लिहिण्यापेक्षा बरेच बरं!"

मावशी हसली आणि तो रकाना तिने स्वतः बसून नीट केला. त्या खोलीत मला कुणी कधी 'बोलत का नाहीस' असं विचारलं नाही. याबद्दल मी दोघांची कायमची ऋणी आहे.

*

पुण्याचे एक काका आले. मावशीने कॉम्प्युटर चालू केला, तेवढ्यात नानांनी कपाटातून वही काढून त्यांच्या पणजोबांची सही समोर धरली. मग मावशीकडे वळून म्हणाले, "तुझं मशीन अजून सुस्वागतमच करतंय!"

*

आणि मग दारव्ह्याच्या आजी आल्या. त्या चार वर्षांच्या असताना वडील काशीला आले आणि परतीच्या वाटेतच वारले. आजींनी त्यांचं अक्षर कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी त्यांची गाडी होती.

वडिलांचं आडनाव देशमुख, गाव दारव्हाच. नुसत्या आडनावावर शेकडो नोंदी, म्हणून आडनाव आणि गाव एकत्र शोधलं. काहीच नाही. पुन्हा शोधलं. काहीच नाही. नानांनाही आठवेना.

"असू दे बाई," आजी पिशवी उचलत म्हणाल्या.

नाना उठले आणि आपल्या वह्या घरी न्यायला कपाटाकडे गेले. मावशीचा चेहरा मला बघवेना. मी घाईघाईने 'गाव' या रकान्याची चौकशी टाइप केली. उत्तर आलं: पाचही घरांत आहे, चार घरांत शोधता येतो, एका घरात शोध बंद.

"नाना," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "गाव तुमच्याच घरात बंद आहे."

नाना थबकले. गावावरून यजमान कोणत्या घराचा ते ठरतं. दुसऱ्या घरांनी आपली गावं शोधू नयेत म्हणून त्यांनीच पहिल्या दिवशी मावशीकडून तो रकाना बंद करवून घेतला होता. नंतर दोघंही विसरले.

मी फक्त नानांच्या घरातले देशमुख काढले आणि एकेकाचं गाव वाचत गेले. एकविसावा दारव्ह्याचा निघाला.

नानांनी वही आणून उघडली. 'मुलगी सुमन, वय चार.' ते वाचून नाना हळूच म्हणाले, "मेधा, ते कुलूप काढ. शोधू दे सगळ्यांना."

सुमनआजींनी त्या ओळीवर बोट टेकवलं नाही, जरा वर धरलं. खूप वेळ. मग म्हणाल्या, "शी! किती घाणेरडं अक्षर!"

नानांनी त्यांच्यापुढे पेन ठेवलं. आजींनी खालच्या कोऱ्या जागेत सावकाश आपलं नाव लिहिलं.

पन्नास वर्षं यजमानांची अक्षरं वाचणाऱ्या नानांनी चष्मा पुसला, वही उजेडाकडे धरली आणि विचारलं, "आजी, हे काय लिहिलंत?"