पाखऱ्याची कुट्टी

आमच्या घरी कडबा कापायच्या यंत्राला कुंकू लावलं आणि त्या दिवसापासून यंत्रानं कडबा कापणं सोडलं.

ही निजामाच्या राज्यातली, आमच्या धावडा गावची गोष्ट. यंत्र अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोडीतून आणलेलं. मोठं चाक, चाकाला दोन पाती, फिरवायला दांडा (आणि दांड्याला मी!). आणलं होतं पाखऱ्यासाठी. पाखऱ्या आमचा म्हातारा बैल. त्याचे दात झिजले होते, कडब्याची लांब ताटं चावता येत नव्हती. बारीक कुट्टी केली तरच त्याच्या पोटात काही जायचं. "याला बाजार दाखवा," असं कुणी म्हटलं की अण्णा त्या माणसाशी बोलणंच सोडायचे.

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पुजायचं. मी पाती काढली, घासली, पाटावर मांडली. मायनं गुळगुळीत बाजू पाहून तिच्यावर कुंकवाची बोटं ओढली. दसऱ्याला ती परत बसवायला घेतली.

"कुंकू भाईर ठेव," अण्णा म्हणाले.

"पण अण्णा, ही बाजू आत व्हती वाटतं."

"देवाला भितीकडं तोंड करून बसवतेत का रे?"

यंत्राची भोकं झिजून एवढी मोठी झाली होती, की पाती उलटी काय, आडवी बसवली असती तरी बसली असती. मी ती पान्यानं घट्ट आवळली.

रिकामं चाक असं झकास फिरलं, की माय म्हणाली, "पाह्य, पूजा पावली!" मग मी कडबा घातला. ताटं पलीकडून अख्खीच बाहेर आली, फक्त कमरेत वाकून (नमस्कार करत असावीत!).

"पातं जवळ घे," अण्णा म्हणाले. घेतलं. ताटं चेंगरली.

"अजून घे." पात्यामागं जुन्या वहाणेचं चामडं कोंबलं.

"अजून जरासं!"

खण्णकन आवाज झाला! पातं समोरच्या लोखंडावर आपटलं आणि त्याचा टवका उडून अण्णांच्या पटक्यात रुतला. पाठोपाठ दुसरंही आपटलं.

"पटका व्हता म्हणून वाचलो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी टवका उपसून काढला. पाखऱ्या गव्हाणीशी मान टाकून उभा होता. मायनं कडबा उखळात कुटून दिला. त्यानं घासभर खाल्ला आणि तोंड फिरवलं.

"जालन्याला जाय, नवी पाती आण," अण्णा म्हणाले. "जल्दी."

जालन्याच्या मस्तगड भागातल्या दुकानात असंच एक यंत्र जोडून ठेवलं होतं. पाहिलं आणि मी कपाळाला हात लावला. पात्यांची गुळगुळीत बाजू आत होती, म्हणून धार समोरच्या लोखंडाला अगदी चिकटून फिरत होती. आमची बाहेर, कुंकवासकट!

नवी पाती पोत्यात गुंडाळून घरी पोचलो, तर पाखऱ्या गोठ्यात आडवा पडलेला. अंगावर अण्णांचं घोंगडं होतं.

"सकाळीच गेला," माय म्हणाली. "पेज देल्ती, ती बी घेतली न्हाई."

त्याला शेतात पुरून आल्यावर अण्णा म्हणाले, "पाती बसव."

"आता कशाला, अण्णा?"

"बसव म्हणलं ना. बराबर बसव."

बसवली. अण्णांनी स्वतः दांडा फिरवला. रव्यासारखी बारीक कुट्टी पडली. त्यांनी मूठभर हातात घेतली. "ही खाल्ली असती त्यानं," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

मग मात्र मला राहवेना. यंत्राशेजारी बसून मी गळा काढला. शेजारच्या गयाकाकू हळदीची वाटी घेऊन धावत आल्या.

"अरे देवा! कोन्तं बोट गेलं?"

मी दोन्ही हात पुढं केले.

"सगळी तर हायेत! मंग रडून काऊन राह्यला?"

मी आणखीच मोठ्यानं रडायला लागलो. काकूंनी आणलेली हळद वाया कशी घालवायची? त्यांनी ती माझ्या एका धडधाकट बोटावर थापली आणि वर चिंधी बांधली. मीही बांधू दिली. पुढं गावात जो भेटेल तो विचारायचा, "लई दुखून राह्यलं का रे?" आणि मला खरंच रडू फुटायचं. एवढंसं बोट, तेही न कापलेलं, आणि त्यासाठी रडणारा एवढा मोठा घोडा! अण्णांचा पोरगा भारी नाजूक, असं माझं नाव पंचक्रोशीत झालं.