मनकर्णाबाईंची बुडवलेली नाव

लेकीच्या, श्रेयाच्या बाळंतपणासाठी फुलंब्रीला जायचं होतं, म्हणून मनकर्णाबाईंनी नाव बुडवून ठेवली. नाथसागराच्या काठाला, कमरेइतक्या पाण्यात नेऊन तिच्यात दगड भरले. ती तळाला टेकल्यावरच त्या घरी आल्या. ही रीत त्यांच्या नवऱ्याची, कचरूची. लाकडी नाव वापरात नसली की पाण्याखाली ठेवायची. उन्हात राहिली तर फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. कचरू जाऊन नऊ वर्षं झाली होती. धरणाचं पाणी ओसरलं की मधला उंचवटा उघडा पडतो. तिथल्या गाळात मनकर्णाबाई हरभरा पेरतात. तिथं जायला नावेशिवाय दुसरी वाट नाही.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, तर पाण्यात नुसते दगड.

"शहरातले लोक घेऊन गेले," किराणा दुकानातला सर्जेराव म्हणाला. "तिकडं रिसॉर्टवर हाये. बुडालेली, बेवारस दिसली त्यांना. मी म्हणलं, न्या."

"बेवारस? आन् मी कोण रं?"

"तू कुठं हुतीस, मावशे."

पाण्याकाठच्या रिसॉर्टवर शनिवार-रविवारचा पारंपरिक नौकाप्रेमी मेळावा भरला होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर केशवराव त्याचे अध्यक्ष. चाळीसेक माणसं नारिंगी जाकिटं घालून हिरवळीवर उभी होती, पाण्यापासून पन्नास पावलं लांब. आपल्याला पोहता येत नाही, हे ती एकमेकांना हसत हसत सांगत होती. पोह्यांच्या कागदी बशा वाऱ्यानं उडून पाण्यात चालल्या होत्या. एक गृहस्थ जलसंस्कृतीवर बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी चहाचा कप मागच्या मागं पाण्यात टाकला.

नाव मधोमध होती. विटांवर, कडक उन्हात. डांबर खरवडून, लाकूड घासून, वर व्हार्निश फासलेलं. नव्या दिवाणासारखी चमकत होती. शेजारी पाटी: 'वय अंदाजे शंभर वर्षे.' कचरूनं ती बांधली ते श्रेया जन्मली त्या साली. चोवीस वर्षं झाली त्याला.

मनकर्णाबाईंनी दोन फळ्यांच्या मधून बोट फिरवलं. नख आत गेलं, मग बोटाचं टोक.

"ह्यातला कापूस कुठं गेला?"

"कापूस?" केशवराव पुढं आले. "अहो, काय घाण अडकली होती फटींत. आम्ही चौघांनी दोन दिवस बसून कोरून काढली."

"ती घाण नव्हती, सायेब. त्यानंच पाणी अडतंय. नाव माझी हाये. आत्ता पाण्यात लोटा. तिकडं हरभरा वाळलाय. दोन दिसांत आणला नाय तर घाटे फुटून दाणे मातीत जातील."

"तुमची?" केशवरावांचा चेहरा उजळला. हरभऱ्याचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. "अरे, इकडे या सगळे. मूळ मालकीण सापडली."

मग फोटोसाठी मनकर्णाबाईंच्या हातात वल्हं दिलं गेलं. पदर डोक्यावर घ्या, म्हणून कुणी सांगितलं. हसू नका, म्हणून दुसऱ्यानं. त्या हसत नव्हत्याच.

"उद्या दहाला जलावतरण," केशवराव म्हणाले. "पाहुणे येतायत. तुमचा सत्कारही करून टाकू. मग नाव तुम्हीच न्या."

"उद्यापर्यंत आणखी उघडंल ती."

"तीन हात व्हार्निश दिलंय, मावशी. थेंब शिरणार नाही."

मांडवात केशवरावांच्या पत्नी उमाबाई बसल्या होत्या. मनकर्णाबाई शेजारी टेकल्यावर त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. "गेल्या वर्षी ह्यांच्या मधमाश्या होत्या," न विचारता त्या म्हणाल्या. "पेट्या अजून माझ्या गच्चीवर आहेत. त्याच्याआधी सतार."

रविवारी नारळ फुटला. मनकर्णाबाईंच्या खांद्यावर शाल पडली. केशवराव खास शिवून घेतलेल्या सुती कुर्त्यात, दोन पाहुण्यांसह नावेत बसले. नाव वीस हातही गेली नसेल. पाणी एका जागेनं आलं नाही, सगळीकडून आलं. ती शांतपणे खाली बसली, आणि केशवराव कमरेइतक्या पाण्यात, अंगात जाकीट असताना, "धरा, धरा" म्हणत उभे राहिले. काठावरच्यांनी फोन वर धरले होते. धरायला कुणी गेलं नाही.

"लाकूडच हलकं," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "व्हार्निशचा दोष नाही." आणि सगळे जेवायला गेले. बासुंदी होती.

मनकर्णाबाईंनी रिसॉर्टच्या माळ्याला हाताशी घेऊन नाव काठाला ओढली, कलती करून पाणी सांडलं. शाल फाडून तिची चिंधी फटीत दाबली. ती घसरून बाहेर आली. शाल पॉलिस्टरची होती.

मागं उमाबाई उभ्या होत्या. "सुतीच लागतं?"

"सुतीच. जुनेर असलं तरी चालंल."

दोरीवर केशवरावांचा कुर्ता वाळत होता. "नवाच आहे," उमाबाई म्हणाल्या, आणि काजांच्या पट्टीपासून त्यांनी तो टर्रकन फाडला. दोघींनी दुपारभर चमच्याच्या दांड्यानं पट्ट्या फटींत सैलसर भरल्या. मग नाव परत पाण्यात लोटून मनकर्णाबाई दगड टाकू लागल्या.

केशवराव बासुंदीची वाटी घेऊन आले. "अहो, पुन्हा बुडवताय? आम्ही मेहनतीनं वर काढली ती."

"चार-पाच दिस पाणी पिऊ द्या तिला. फळ्या फुगल्या की आपली आपण मिटंल."

"काहीतरी अंधश्रद्धा," केशवराव पुटपुटले. "उमा, माझा कुर्ता कुठाय?"

"नावेत," उमाबाई म्हणाल्या. दगड टाकताना त्यांनी वर पाहिलंही नाही.

शुक्रवारी मनकर्णाबाईंनी दगड काढले, पाणी उपसलं आणि नाव उंचवट्याला लावली. निम्म्याहून जास्त घाटे फुटले होते. दाणे भेगाळलेल्या गाळात विखुरले होते. वेचायलाच दोन दिवस लागणार होते. आणि आधी दाण्यांवरच्या पोह्यांच्या बशा उचलाव्या लागणार होत्या. वाऱ्यानं आणि लाटांनी त्या थेट मनकर्णाबाईंच्या हरभऱ्यात आणून टाकल्या होत्या, हळदीच्या डागांसकट.