ठीकबाई आणि काळी बाटली

आमची ठीकबाई स्वतःच्याच खोलीत शिरताना दार वाजवायची. कुलूप तिनेच उघडलेलं, आत चिटपाखरू नाही, तरी आधी टकटक. मी एकदा म्हटलं, "अवो बाई, आत कोन बसलं हाय तुयी वाट पाहत?" तर ओशाळून म्हणाली, "ठीक?" आमच्याकडे आल्या आल्या तिने हा एक शब्द उचलला होता. चप्पल कोपऱ्यात ठेवली तरी ठीक? पोळी ताटात उरली तर घाबरून ठीक? खरं नाव लांबलचक, गल्लीला काही पेललं नाही. ठीकबाईच झाली.

मुलगी युगांडाची, शिकायला जर्मनीत, आणि काम शिकायला आमच्या शेलूबाजारात! जगभर पसारा असलेली एक संस्था आमच्या भागातलं पिण्याचं पाणी तपासत होती, तिथे ही इंटर्न. माझी वरची खोली रिकामी, म्हणून माझ्याकडे राहायला. दोन-चार दिवसांत मला 'माय' म्हणू लागली. मग काय, तिची काळजी आपोआप माझीही झाली.

खिडकीत तिच्या इवल्याशा बाटल्या मांडलेल्या असायच्या. हातपंपाचं पाणी त्यांत भरायचं, औषध आत असतंच, आणि वाट पाहायची. काळं पडलं तर पाण्यात घाण. विरजण लागलं का म्हणून आपण झाकण उघडून उघडून पाहतो ना, तशी ती जेवता जेवता उठून जायची. बाटली काळी पडली की आधी स्वतःवरच शंका. "माय, माझी चूक?" इथलं काम नीट झालं तरच तिकडे तिचं वर्ष धरणार होते.

संस्थेचे नियम कडक. लोकांच्या घरी खायचं-प्यायचं नाही. आणि मोठ्या प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत बाटलीचा रंग कोणाला सांगायचा नाही, उगाच घबराट नको. दुसरा नियम एक वेळ समजला, पण पहिला आमच्याकडे चालावा कसा? आसेगावच्या पलीकडे एक वस्ती आहे. तिथली पार्वताबाई भर चौकात म्हणाली, "आमचं पानी बाटलीत भरून नेते, अन् घोटभर पीत नाही. विटाळ होते का इले आमचा?" ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हुसकावलं, त्यांना दुसरं काय वाटणार? घराघरांची दारं लागू लागली. दारं बंद म्हणजे काम बंद. ठीकबाईचं जेवण तुटलं. मीच तिला म्हटलं, "घोट तरी घेत जा पोरी. पान्याले नाही म्हनू नये."

संस्थेची ताई तिचं बोलणं लोकांना मराठीत सांगायची. ती लग्नाला गेली, म्हणून एक दिवस सोबत मी गेले. निघताना पाहिलं तर खिडकीत एक बाटली काजळासारखी काळी. "ही कोनती?" तिने ती पडद्याआड सरकवली. जीपमध्ये नुसती पिशवीचा बंद पिळत बसली.

गेलो ते पार्वताबाईच्याच घरी. ती आमची वाटच पाहत होती जणू. स्टीलचा पेला काठोकाठ भरून समोर धरला. "घे. आज पाहू दे पेतं का नाही." कोपऱ्यात तिची सून त्याच माठातलं पाणी बाळाला चमच्याने पाजत होती. बाळाला तीन दिवस हगवण, मान टाकून पडलेलं.

ठीकबाईने पेला घेतला. तोंडाजवळ नेला. पी बाई, असं माझ्या ओठांवर आलं, तेवढ्यात ती काळी बाटली आठवली. ती इथलीच! तिने पेला खाली ठेवला.

"नाही. मी नाही, तुमी नाही. बाळ तर बिलकुल नाही. उकळा. मग ठीक."

"म्हंजे आमचं पानी खराब हाय?"

तिने 'हो' म्हणून मान हलवली आणि रडायला लागली.

"मंग आधी काहून नाही सांगतलं, पोरी?"

पार्वताबाईने पेला उचलून अंगणात ओतला. "सूनबाई, चूल पेटव. अन् त्या पोराले दवाखान्यात ने."

संध्याकाळी ठीकबाईने आपण होऊन ऑफिसला फोन करून सगळं सांगितलं. मग नुसती वाट पाहणं. फोन वाजला की आम्ही दोघीही दचकायचो. बाळ सावरलं. प्रयोगशाळेचा निकालही बाटलीसारखाच आला. पण नियम मोडला तो मोडलाच. तिला मुदतीआधी परत बोलावलं.

जीपच्या थांब्यावर ती सारखी सामान चाचपत होती. तेवढ्यात पार्वताबाई आली, सुनेच्या कडेवर बाळ. खण-नारळाने तिची ओटी भरली आणि पदराखालून पाण्याची बाटली काढली. "उकयलेलं हाय. माया समोर पी."

पोरीने उभ्या उभ्या सगळी बाटली रिकामी केली. पार्वताबाई टक लावून पाहत होती. शेवटी तिनेच विचारलं, "ठीक?"

ठीकबाईने रिकामी बाटली उराशी धरली. जीपवाला ओरडला, "बसा न बाई, युगांड्याले पानी भेटत नाही का?" सगळे हसले. ती रडत रडत हसली आणि बसली.

अजून फोन येतो तिचा. आधी बाळाचं विचारते, मग पंपाचं, मग माझ्या गुडघ्यांचं. तिचं वर्ष धरलं का, हे ती सांगत नाही. मी रोज ठरवते, आज विचारायचंच, आणि फोन वाजला की माझ्या तोंडून एवढंच निघतं, "ठीक?"