आधी नाक, मग जीभ

चहाचा कप हातात आला की ते आधी तो गोल फिरवायचे. मग नाकाखाली धरायचे, डोळे मिटायचे. आमचे सगळ्यांचे कप रिकामे व्हायचे तरी यांचं वास घेणं चालूच! कोणी हसलं की डोळे न उघडता म्हणायचे, "आधी नाक, मग जीभ. आमच्याकडं असंच असतं."

आमच्याकडं म्हणजे कुठं? न्हावऱ्याला नाही, दौंडलाही नाही. आमच्याकडं म्हणजे किशिनेवला!

थांबा, नीट सांगतो. मी बी.एस्सी. होऊन दौंडजवळच्या एका साखर कारखान्यात, डिस्टिलरीच्या लॅबमध्ये लागलो, तेव्हा ते माझे सीनियर होते. मी त्यांना सर म्हणायचो, बाकी अख्खा कारखाना 'रशिया' म्हणायचा. न्हावऱ्याचा हा माणूस, बापजादे मेंढरं राखणारे, आणि हा पोरगा स्कॉलरशिपवर थेट सोव्हिएत रशियात जाऊन वाइन बनवायचं शिकून आला होता. खरंच! तिकडच्या किशिनेव नावाच्या शहरात. आणि आल्यावर काय करत होता, तर आमच्या इथं मळीपासून होणाऱ्या स्पिरिटचे नमुने तपासत होता.

तुमच्याही ओळखीत असा एक असेल बघा, जो राहतो एका गावात आणि बोलतो दुसऱ्या गावाबद्दल. सरांच्या किशिनेवमध्ये जमिनीखाली रस्ते होते. दगडाच्या जुन्या खाणी, त्यात मैलोन्‌मैल पिंपं, आणि रस्त्यांना द्राक्षांच्या जातींची नावं. "उन्हाळ्यात बी स्वेटर घालून जायचं खाली," ते सांगायचे आणि आम्ही दौंडच्या मे महिन्यात घाम पुसत ऐकायचो.

त्यांची आवडती गोष्ट परीक्षेची. त्यांच्या मास्तरीणबाईंनी ओळीनं ग्लास मांडले. त्यातल्या एकातली वाइन खराब बुचामुळं बिघडलेली. कुठली ते नाकानं ओळखायचं, तोंडाला लावायचं नाही. सरांनी पहिल्या झटक्यात ओळखली.

"बाईंनी माझ्या कपाळाचा मुका घेतला, सगळ्यांसमोर!"

शेजारी डबा खात बसलेल्या फिटरच्या घशात भाकरीच अडकली. "घरी सांगितलं का वहिनींना?"

"सांगितलं. ती म्हणली, त्या बाईला नाक न्हवतं का? तुमच्या अंगाला मेंढराचा वास येत आसंल की!"

सगळे हसलो. मग सर एकदम गंभीर. "आरं, नाक मेंढरांनीच दिलंय मला. मेंढी हजार कोकरांत आपलं कोकरू वासावर काढती. डोळ्यानं न्हाई."

नशीब मात्र बघा त्यांचं. हे शिकायला गेले, तर तिथल्या सरकारनं लोकांची दारू कमी करायला द्राक्षाच्या बागाच तोडायला घेतल्या. हे शिकून परत आले, तर तो देशच फुटला. "मी पाठ फिरवली आन् देश मोडला," असं हसत म्हणायचे. इकडं तेव्हा वाइनचं कोणाला काय पडलेलं? पदवी पाहून एका साहेबानं विचारलं म्हणे, हा देश नकाशात दाखवा. तो नकाशात नव्हताच! मग डिस्टिलरी.

आणि डिस्टिलरी म्हणजे वास. मळीच्या पाण्याची तळी. नवा माणूस पहिल्या दिवशी उलटीच करतो, मी पण केली. सर त्या तळ्याच्या कडेनं निवांत फिरायचे. मला वाटायचं, काय माणूस आहे! नमुना आला की मला म्हणायचे, "तू घे रे वास, तुझं नाक तरुण हाय. बोल, काय वाटतंय?" मी खूश. मला वाटायचं, सर शिकवतायत.

मग सरकारनं वाइनला सवलती दिल्या आणि सगळं बदललं! आमच्या एका संचालकांची शिरूरकडं द्राक्षाची बाग होती. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबांच्या डोक्यात वायनरी बसली. आधी चार दिवस बाहेर जाऊन बघून यायचं. कुठं? सर म्हणाले, किशिनेव. ते आता रशियात नव्हतं, एका छोट्या नव्या देशात होतं. आबा, सर आणि अहवाल लिहायला मी. माझं टायपिंग फास्ट, एवढीच माझी लायकी. मी आयुष्यात विमान फक्त आभाळात पाहिलेलं, मला तर झोपच येईना!

निघायच्या आधी आबांनी सरांना समोर बसवलं. गळ्यातली तुळशीची माळ दाखवून म्हणाले, "मी थेंब तोंडात घेनार न्हाई. तवा तुमचं नाक म्हणंल ते खरं. तुम्ही नीट पारखलं तर वायनरी बांधायची, आन् ती तुमच्या ताब्यात. न्हाई जमलं तर बागंत ऊस."

दुसऱ्या दिवशी सर कामावर आले ते कडक इस्त्रीत. मळीच्या तळ्यावर, इस्त्रीत!

पहिले दोन दिवस शहर. सर पुढं, मागं आबा बाजरीच्या भाकरीची पिशवी घेऊन, शेवटी मी. पण सर सारखे चुकायचे. पाट्यांवरची लिपी बदललेली, रस्त्यांची नावं बदललेली. एका पोरीला त्यांनी रशियनमध्ये रस्ता विचारला, ती खांदे उडवून निघून गेली. मोठ्या चौकात गेलो. "हितं लेनिन," म्हणून सरांनी हात केला, तर तिथं फुलझाडं. विचारत विचारत शहराच्या कडेला एका बागेत गेलो, तेव्हा सापडला. डोक्यावर कबुतर घेऊन उभा.

आबांनी टोपी काढून नमस्कार केला. "कोन का आसंना, मोठा मानूस दिसतोय. ह्यांला येशीबाहेर का काढलं?"

"देश मोडला, आबा."

"आमच्याकडं कोनी हात लावू दिला नसता पुतळ्याला."

"व्हय," सर म्हणाले. "आमच्याकडं न्हाई लावू देत."

माझ्या कानाला हे खटकलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं 'आमच्याकडं' किशिनेव सोडून आपल्या मुलखात आलं होतं.

मग सरांचं जुनं होस्टेल. तिथं आता मोबाइलचं दुकान. सर फुटपाथवर उभे राहिले. "हितं शेजारी बेकरी होती. सकाळी पावाचा वास यायचा बघ, भूकच लागायची."

मी उड्याच मारायला लागलो. "येतोय की सर! अजून येतोय! केवढा जोरात!" बेकरी होतीच, गल्लीत मागं सरकली होती एवढंच. अख्खी गल्ली गरम पावाच्या वासानं भरली होती.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग पटकन म्हणाले, "हां... हां. येतोय."

तिसऱ्या दिवशी तळघर. अगदी त्यांनी सांगितलं तसंच! जमिनीखाली रस्ते, पाट्या, थंडी, आबांच्या अंगावर घोंगडी. आणि आत कोण? त्याच मास्तरीणबाई. म्हाताऱ्या झालेल्या, रिटायर होऊन तिथं नव्या पोरांना शिकवायला येणाऱ्या. सरांना बघून त्यांचे डोळे भरले. वाकवून त्यांनी सरांच्या कपाळाचा मुका घेतला. आबा हसले नाहीत, मी पण नाही.

मग बाईंनी गंमत केली. ओळीनं ग्लास मांडले आणि हाताची घडी घालून हसत उभ्या राहिल्या. तीच परीक्षा!

सरांनी पहिला उचलला. फिरवला, नाकाखाली धरला, डोळे मिटले. दुसरा. तिसरा. परत पहिला. मी मागं उभा होतो तरी मला कळलं. तिसरा ग्लास ओल्या गोणपाटासारखा घाण मारत होता. सर परत तिसऱ्यावर आले आणि त्याच शांतपणे पुढं गेले.

तेव्हा मला चहा, नमुने, पाव, सगळं एकदम कळलं.

सरांनी डोळे उघडले ते माझ्याकडंच. मी नजरेनं दाखवलं. तिसरा. सर, तिसरा! त्यांना ते कळलं. शपथेवर सांगतो, कळलं. हात तिसऱ्या ग्लासापर्यंत गेलाही. मग त्यांनी तो मागं घेतला.

"आबा," ते म्हणाले, "मला वास येत न्हाई. लय वर्सं झाली."

आबांनी अंगावरची घोंगडी आवळली. मग हळूच म्हणाले, "मंग आपन हितं कशापायी आलो?"

"वाटलं, हितं आल्यावर येईल."

बाईंना मराठी कुठं कळतंय! त्या अजून हसत उत्तराची वाट बघत होत्या. सर त्यांना रशियनमध्ये काहीतरी बोलले, दोनच शब्द. बाईंचं हसू गेलं. त्यांनी सरांच्या चेहऱ्यावरून तळहात फिरवला, आंधळ्याच्या चेहऱ्यावरून फिरवावा तसा. काय म्हणाल्या ते सरांनी आम्हाला सांगितलं नाही.

परतीच्या विमानात आबा झोपले तेव्हा मी विचारलं, "सर, कधीपासून?"

"लागलो तवा पयल्या वर्षी रोज उलट्या. मळीच्या पाण्याचा वास सोसंना. मग एक दिवस तळ्यावर गेलो तर वासच न्हाई. म्हणलं, चला, सवय झाली. लय बरं वाटलं रे मला त्या दिवशी. पेढे घेऊन गेलो घरी." त्यांनी खिडकीची झडप खाली ओढली. "पेढा तोंडात टाकला तवा कळलं."

"मग तो चहा? रोजचा?"

"बघतो ना. आला का आज."

मी तोंड फिरवलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तू पळ हितनं. नाक हाय तवर पळ."

आबा वाईट माणूस नाही. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त बागेत ऊस लावला. मी अहवाल टाइप केला, त्यात हवामान चांगलं होतं असं लिहिलं. मग मी पळालो, चाकणला नोकरी धरली. सरांनीही कारखाना सोडल्याचं कानावर आलं.

आता ते नाहीत. शेवटचे भेटले ते न्हावऱ्याला, त्यांच्या भावाच्या वाड्यावर, मेंढरांत बसलेले. त्या दिवशी एक मेंढी आपल्याच कोकराला लाथा घालत होती. घरातल्या नव्या सुनेनं हौसेनं त्या कोकराला साबणानं धुतलं होतं!

"तिला वास लागंना," सर म्हणाले. "वास न्हाई म्हणल्यावर पोटचं बी परकं. लाथच घालनार की."

त्यांनी मेंढीची मान बगलेत धरली, हातावर तिचंच दूध काढलं आणि कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळलं. मेंढीनं हुंगलं. परत हुंगलं. मग पाय फाकवून उभी राहिली. कोकरू गुडघे टेकून लुचायला लागलं, शेपटी नुसती थरथरत होती.

सर बघत राहिले. मग दुधानं ओला झालेला हात त्यांनी नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मी मेंढरांकडं बघत बसलो. जरा वेळानं त्यांनी हात पँटीला पुसला.

वहिनींनी चहा आणला. सरांनी कप फिरवला नाही. नाकाखाली धरला नाही. पाणी प्यावं तसा गटागटा प्यायले, कप उपडा घातला आणि म्हणाले, "चल, ऊठ. तुझी येष्टी चुकंल."