माझी जांभळी साडी नेसलेली बाई

सिनेमासाठी आमचं घर द्यायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. दिग्दर्शक पोराचे वडील आणि आमचे यजमान एकाच शाळेत शिकवतात, दोघांनी स्टाफरूममध्येच सगळं उरकलं. मग एका रविवारी तो पोरगा घर बघायला आला. वसमतच्या बाहेर हळदीच्या रानात प्लॉट पाडून झालेली आमची कॉलनी, अजूनही शेजारच्या मोकळ्या जागेत शिजवलेली हळद वाळत पडते. त्यानं हॉल बघितला, किचन बघितलं, लेकीची खोली बघितली आणि खूश होऊन म्हणाला, "काकू, मला बराबर असंच घर पायजे होतं."

"काहून? काय एवढं यात?"

"पिक्चरमधलं घर असंच हाय. समदं हाय, पण कुनी कुनाशी बोलत न्हाई."

मी चहाचा कप जरा जोरातच त्याच्यासमोर ठेवला. आमच्या घरात चांगलं बोलतात, असं ठणकावून सांगितलं. तेवढ्यात लेक त्याला पाणी देऊन गेली, माझ्याकडे न बघता.

खरं सांगायचं तर सहा महिने झाले होते. बारावीनंतर तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, बॅगसुद्धा आणून ठेवली होती. आणि मी तिचा मोबाइल उघडून मेसेज वाचले. वर्गातल्या एका मुलाचे होते. वाईट काही नव्हतं त्यात, हे मला वाचतानाच कळलं होतं, तरी मी ते यजमानांच्या कानावर घातलं. पुणे रद्द झालं, इथल्याच कॉलेजात नाव घातलं, आणि त्या दिवसापासून पोरीनं मला मम्मी म्हणून हाक मारणं सोडलं. काम असलं की हवेत बोलायची. दूध संपलंय. गॅसवाला आला. चुकलं माझं, एवढे दोन शब्द बोलायचे होते मला, पण पंचवीस वर्षं पोरांना शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून ते काही निघेनात. उद्या बोलू, असं रोज म्हणायची.

असल्या घरात ती नटी आली. सिनेमातली आई. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल, पुण्याची, आवाज मऊ. आल्या आल्या म्हणाली, "ताई, मला नवी साडी नको. तुमची रोजची, धुऊन विटलेली द्या." मी माझी जांभळी सुती दिली. तिला ती माझ्यापेक्षा चांगली दिसली, इथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली. शेजारीण कुंपणावरून तिला हाक मारून बसली. वर मलाच सांगते, "मॅडम, मला वाटलं तुमीच. पन आज बारीक दिसून राहिल्या म्हनलं."

शूटिंग आठ दिवसांचं होतं आणि पहिल्या दिवसानंतर मी उरलेल्या सातही दिवसांची रजा टाकली. औंढ्याकडच्या माझ्या शाळेत सांगितलं की तब्येत बरी नाही. परक्या माणसांच्या हाती घर कसं सोडायचं, असं यजमानांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. पहिल्याच दिवशी गच्चीवरून लेकीच्या हसण्याचा आवाज आला होता.

जिन्यात उभी राहून मी ऐकलं. माझी पोरगी त्या बाईला मी कशी आहे ते शिकवत होती. भाताचं पाणी काढताना पदर दातात कसा धरायचा. राग आला की "असू दे" म्हणून भांडी कशी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी. ती बाई करून दाखवायची, पोरगी म्हणायची, "न्हाई, अजून जोरात आपटा," आणि दोघी हसत सुटायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी नक्कल केली म्हणून नव्हे. पोरगी मला इतकं बघते, आणि ते बघितलेलं सगळं नेऊन दुसरीच्या ओटीत घालते, म्हणून.

मग माझं लक्षच दुसरीकडे लागेना. ती बाई पोरीच्या हातचा चहा प्यायची. पोरगी तिच्या पदराला पिन लावून द्यायची. दुपारच्या जेवणात तिच्या शेजारी बसायची आणि मी केलेलं वांग्याचं भरीत तिला आग्रहानं वाढायची. मी वाढायला गेले तर ती बाई म्हणायची, "बस ताई, झालं." पोरीनं वाढलं की खायची. यजमानांना यातलं काही दिसत नव्हतं. "पोरगी हसून राहिली, चांगलंच हाय की," म्हणाले. मी त्या दिवशी घासलेली भांडी पुन्हा घासली.

सातव्या दिवशी मोठा सीन होता. सिनेमातली आई लेकीची माफी मागते, आणि तीही माझ्या लेकीच्या खोलीत, तिच्याच पलंगावर. लेकीचं काम करणारी मुलगी नांदेडहून यायची, ती वाटेत अडकली. लाइट लावून बघायला कुणीतरी बसवायचं म्हणून दिग्दर्शकानं माझ्या पोरीला पलंगावर बसवलं. नटी म्हणाली, एकदा वाक्यं म्हणून घेते. मी दाराशी, वायरींच्या गुंत्यात उभी. ती पलंगाच्या कडेला टेकली, माझ्यासारखा पदर खोचला, आणि माझ्या पोरीचा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "चुकलं माझं, बाई."

पोरीनं तिच्या मांडीत डोकं घातलं आणि रडली. खोटं नव्हतं ते. ती लहानपणी शाळेत पडून आली की अशीच रडायची, खांदे वर उचलून. दिग्दर्शकाचे डोळे चमकले. मला मात्र त्या बाईच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या. माझं घर घेतलं, साडी घेतली, ते मी दिलं होतं. हे वाक्य मी दिलं नव्हतं. ते सहा महिन्यांपासून माझ्या तोंडात होतं.

मी किचनमध्ये आले. नांदेडची मुलगी पोचली होती, टेकची तयारी चालली होती. साउंडवाल्यानं नेहमीसारखं पंखे बंद केले, फ्रिज बंद केला, कुणी हलू नका म्हणून ओरडला. मी तुरीची डाळ धुतली, कुकरला लावली आणि गॅस मोठा केला. या कुकरची पहिली शिट्टी कितव्या मिनिटाला होते हे मला झोपेतही सांगता येईल.

पलीकडून "चुकलं माझं" ऐकू आलं आणि शिट्टी झाली. अशी झाली की शेजारचं कुत्रं भुंकलं.

मला वाटलं, आता दिग्दर्शक बोंबलेल. पण ती बाई थांबलीच नाही. खोलीतूनच, हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "तेवढा गॅस बंद कर गं." आणि कॅमेऱ्यामागे उभी असलेली माझी लेक सवयीनं धावत आत आली. मी शेगडीपाशी हाताची घडी घालून उभी होते. तिनं कुकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गॅस बंद केला आणि निघून गेली. दुसरीच्या हाकेला ओ देऊन ती माझ्या किचनमध्ये आली होती. त्या शिट्टीची मला लाज वाटायला हवी होती. पण तेव्हा फक्त हेवाच वाटला.

जाताना मी त्या बाईची ओटी भरली. नारळ दिला, खण दिला. जांभळी साडी तिनं धुऊन परत केली, ती मी नेसले नाही.

दिवाळीनंतर गावातल्या मंगल कार्यालयात दुपारी सिनेमा दाखवला. यजमान पुढच्या रांगेत पाहुण्यांबरोबर बसले, आम्ही मायलेकी मागे. मधली खुर्ची रिकामी ठेवून ती बसली. पडद्यावर माझं किचन आलं, माझे डबे आले, लोक वळून वळून आमच्याकडे बघू लागले. मग तो सीन आला. पलंग, जांभळी साडी, "चुकलं माझं, बाई," आणि शिट्टी. दिग्दर्शकानं ती काढलीच नव्हती. "तेवढा गॅस बंद कर गं," पडद्यावरची आई म्हणाली, तशी पडद्यावरची लेक डोळे पुसत उठली. आजूबाजूला बाया नाक ओढत होत्या.

लेक पडद्याकडे बघतच म्हणाली, "मम्मी, ती शिट्टी तू मुद्दाम केली व्हतीस."

ते 'मम्मी' चौदा महिन्यांनी ऐकलं मी. "व्हय," म्हणाले. "चुकलं माझं."

"शिट्टीचं?"

"न्हाई. मोबाइलचं. तुझ्या पुण्याचं."

पडद्यावरचं सगळं संपलं, नावं वर सरकू लागली, लोक टाळ्या वाजवू लागले. मग मधल्या खुर्चीवर ठेवलेली माझी पर्स तिनं उचलून मांडीवर घेतली आणि त्या खुर्चीत सरकली.

"त्या बाईनं तुझ्यापेक्षा चांगलं म्हनलं व्हतं," ती म्हणाली.

"म्हनू दे," मी म्हणाले. "तिनं पाठ केलं व्हतं."