चार इअरफोन आणि एक ‘सावधान’

ज्या वर्षी दर्यापूरकडच्या कपाशीला बोंडअळी लागली, त्याच वर्षी माझा उजवा कान गेला. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत. साध्या तापाचं निमित्त झालं, कान वाहिला आणि बरा होता होता बंदच पडला. डॉक्टर म्हणाले, आता हा असाच राहील. मी घरी आले, पदर कानावरून घेतला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

सांगणार कुठल्या तोंडानं? मी लग्नात मंगलाष्टकं म्हणणारी बाई. अमरावतीत आमची सहा जणांची पार्टी होती, तिच्यात मी विसाव्या वर्षापासून गात आले. दिवसा ब्लाउज शिवायचे आणि मुहूर्ताला गायचं. गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या आणखी चार होत्या, पण वलगावपासून अचलपूरपर्यंत लोक मुहूर्त काढताना आधी माझी तारीख विचारत. याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही. गाणं सुटलं तर मी कोण, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या वर्षांत घरोघरची लग्नं कमी झाली. शेतानं हौसेला जागाच ठेवली नव्हती. गावं एकत्र येऊन सामूहिक विवाह करू लागली. एका मंडपात तीस-चाळीस जोडपी, तेवढेच अंतरपाट, भर उन्हात मोकळं मैदान, शेजारी धडधडणारा जनरेटर आणि अध्येमध्ये माइक ओढून घेणारे पुढारी. दोन कान असलेल्यालाही तिथं स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मी एका कानावर गात होते, आणि बरं गाते आहे असं समजत होते.

आमचा साउंड सांभाळायचे ते भाई अचलपूरचे. आम्ही सगळे त्यांना नुसतं भाईच म्हणायचो. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणं हा त्यांच्या घरचा वडिलोपार्जित धंदा. माणूस मितभाषी, पण बोलले की अंगावर वीट पडावी तसं. सुट्या भागांसाठी ते दर आठवड्याला अकोल्याला जात. एके दिवशी तिथून परतताना तीन इअरफोन घेऊन आले. चौथा त्यांनी ऑनलाइन मागवला होता. हल्ली मोठे गायक स्टेजवर कानात असंच काहीतरी घालून स्वतःचा आवाज ऐकतात, हे त्यांनी आम्हाला समजावलं. चारही स्वस्तातले होते. एक काळा, एक लाल, एक पितळी रंगाचा आणि एक पारदर्शक, आतली तार दिसणारा.

तालमीच्या खोलीत मग जत्राच भरली. पार्टीतल्या सगळ्यांनी आळीपाळीनं ते कानात घातले, मोबाइलवर सिनेमातली गाणी लावली आणि मतं दिली. ढोलकी काळजात वाजते म्हणून लाल इअरफोन भरघोस मतांनी निवडून आला. पारदर्शक सगळ्यांत मागे राहिला. ढोलकीवाला तोंड वाकडं करून म्हणाला, “हा तं कोरडा हाय. बिनतेलाच्या भाकरीवानी.” मीही लालच्याच बाजूनं हात वर केला. आम्हा वऱ्हाडी लोकांना ठेक्यापुढं दुसरं काही सुचत नाही.

भाईंनी सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि मला थांबवलं.

“ताई, डाव्या कानातच घाला,” ते म्हणाले.

मी चमकले. “डाव्यातच काहून?”

“उजवीकून आवाज देला का तुमी आख्ख्या वळता. दोन सीझन झाले, पाहून राहिलो.”

मी पदर उजव्या कानावर ओढला. प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर ठेवायची त्यांना सवय होती. अंजनगावकडच्या एका लग्नातली माझीच मंगलाष्टकं त्यांनी लावली. फक्त माझ्या माइकचा आवाज, घुमवणारा एको न लावता; ढोलकी-पेटी त्या माइकमध्ये शिरली असेल तेवढीच.

काळ्यात मी विहिरीतून गात होते. शब्द गुदमरत होते, पण भारदस्त वाटत होतं. लालमध्ये मागची ढोलकी इतकी दणदणीत की तिच्या आड माझा आवाज गोडच लागला. “वा!” मी म्हटलंसुद्धा. पितळीमध्ये ‘सावधान’मधला ‘सा’ सुईसारखा टोचत होता, त्या टोचणीपुढं सूर कुठं आहे ते समजतच नव्हतं. मग भाईंनी पारदर्शक दिला. त्याचं रबर माझ्या कानाला मोठं होत होतं. त्यांनी डबीतून लहान रबर काढून बसवलं, आणि बाहेरच्या रस्त्याचा आवाज एकदम मागे गेला.

पहिली ओळ बरी गेली. दुसरीत सूर थोडा खाली आला. तिसरीत अजून. ‘शुभमंगल सावधान’पर्यंत मी हार्मोनियमपासून चांगली हातभर लांब गेले होते, आणि तिथं उभी राहून मोठ्या रुबाबात तान घेत होते.

ती बाई मी होते. मी इअरफोन काढला आणि रडले. लाज वाटली, रागही आला, आणि राग भाईंवरच निघाला. “लोकं कसे नाही बोलले मले?”

“लोकाइले कुठं आयकू आलं? तुमचा सूर उतरला का मी एको वाढवो, पेटी वर घेवो. झाकून नेलं.”

“मंग मले काहून नाही सांगतलं?”

“सांगून काय केलं असतं? तुमी गानं सोडलं असतं. इलाज हाती आल्याबिगर रोग काहून सांगाव मानसाले?”

दोन सीझन हा माणूस मिक्सरमागं बसून माझी अब्रू दोन बोटांनी उचलून धरत होता, आणि मी त्याला प्रत्येक कार्यक्रमानंतर सांगायचे की एको जास्त झाला. आज हे लिहितानाही कानाची पाळी गरम होते.

पुढचा सामूहिक विवाह दर्यापूरचा होता. मी भाईंना बजावलं, यात जमलं नाही तर हे माझं शेवटचं. एको काढायचा, पेटी जेवढ्यास तेवढी ठेवायची. ते नुसते “हाव” म्हणाले. मिक्सरला जोडलेल्या पारदर्शक इअरफोनची डावी बाजू माझ्या कानात होती. उजवीचा मला काय उपयोग? भाईंनी तिला लांब वायर जोडली, मंडपाच्या खांबावरून फिरवली आणि मिक्सरमागं बसून स्वतःच्या कानात घातली. मला जे ऐकू येईल, तेच आणि तेवढंच त्यांनाही. एक छोटा माइक त्यांच्याजवळ होता, त्याचा आवाज फक्त आम्हा दोघांच्या कानात यायचा. आमचं ठरलं, मी उतरले की त्यांनी एकच शब्द बोलायचा, “उतरलं.”

समोर अंतरपाटांची रांग होती. मी पहिलं अष्टक उचललं. इतक्या दिवसांनी माझा आवाज माझ्या जवळ उभा होता, कोरडा, साधा, जसा आहे तसा. मला तो आवडला नाही, पण पटला. दुसरं गेलं. तिसऱ्यात शेवटाकडं सूर खाली घसरताना मीच ऐकला. भाई आता बोलणार असं वाटलं. पण ते बोलायच्या आत मी तो उचलून जागेवर आणून ठेवला. चौथं, पाचवं. कानात पेटी, माझा गळा, आणि भाईंचा चकार शब्द नाही.

शेवटचं ‘सावधान’ झालं. अंतरपाट खाली आले, अक्षता उडाल्या, बँडवाल्यांनी एकच गलका केला. मी डोळे मिटून उभी होते. तेवढ्यात डाव्या कानात खरखर झाली आणि भाईंचा आवाज आला.

“ताई, मले बोलाचं कामच नाही पडलं.”